खिशात थोडी रोकड राहू द्या: ऑनलाइन पेमेंटबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी विषय दिला होता ऑनलाइन पेमेंट किती सेफ आहे हा, आणि प्रश्न एवढे आले की सगळे घेणं शक्यच नाही, सारखे वाटले ते एकत्र केलेत. नावं कोणाचीच छापलेली नाहीत कारण बऱ्याच जणांनी पैसे गेल्याचं अजून घरात सांगितलेलं नाहीये. त्यांना आधीच एक सांगतो, आज घरी जाऊन सांगा. फसलेल्यांत डॉक्टर आहेत, बँकेतून रिटायर झालेले आहेत, कॉम्प्युटर शिकवणारे आहेत. गुन्हा ज्याने फसवलं त्याचा आहे, तुमचा नाही, आणि लपवून ठेवलं की पैसे परत मिळायचा जो थोडा वेळ असतो तोच निघून जातो.

प्रश्न: मी फोंड्याला राहतो, शिक्षक होतो, आता रिटायर. 2016 साली गोवा देशातलं पहिलं कॅशलेस राज्य होणार म्हणून ऐकलं तेव्हापासून आमच्या घरात हा वाद चालू आहे. मुलगा म्हणतो बाबा तुम्ही उगाच घाबरता, सगळं मोबाईलवर करा. आणि पेपर उघडला की रोज कोणाचे तरी लाखो गेलेले. सरळ सांगा, हे सेफ आहे की नाही? आणि कॅश बंदच केली तर चालेल का?

उत्तर: सर, तुमचंही बरोबर आहे आणि मुलाचंही, पण तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय म्हणून वाद मिटत नाहीये.

मुलगा बोलतोय यंत्रणेबद्दल, आणि यंत्रणा खरंच मजबूत आहे. युपीआय अॅप पहिल्यांदा चालू करता तेव्हा तुमच्या सिमवरून एक एसएमएस आपोआप जातो आणि तुमचा नंबर त्या हँडसेटशी बांधला जातो, म्हणजे कोणाला तुमचा पिन कळला तरी तो स्वतःच्या फोनवरून तुमच्या खात्याला हात लावू शकत नाही. पिन टाकायची जी स्क्रीन येते ती अॅप कंपनीची नसतेच, ती एनपीसीआयची, म्हणजे युपीआय चालवणाऱ्या संस्थेची असते, पिन तिथेच कुलूपबंद होऊन थेट तुमच्या बँकेकडे जातो, अॅपवाल्याला तो दिसत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात 2000 कोटींच्या वर व्यवहार झाले युपीआयवर. एवढ्या प्रमाणात चालणारी गोष्ट आतून फुटकी असती तर कधीच कोसळली असती. बँकांच्या सिस्टीमवर हल्ले होतात, नाही असं नाही, 2018 साली पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी असेच काढले गेले, पण तसे प्रकार कमी.

तुम्ही बोलताय माणसाबद्दल. पेपरात वाचता त्यातले बहुतेक पैसे कुलूप तोडून जात नाहीत, माणसाला घाबरवून नाहीतर लालूच दाखवून त्याच्याच बोटाने बटण दाबून घेतात. मग सिस्टीमला काय दिसतं? फोन बरोबर, पिन बरोबर, खातेदार बरोबर. तिच्या दृष्टीने व्यवहार एकदम खरा. आणि पैसे दोन सेकंदात पोचतात, पाच मिनिटांत तिथून आणखी चार खात्यांत जातात, संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी एटीएममधून निघालेले असतात. चेक दिला असता तर तो वटायच्या आधी बँकेत जाऊन स्टॉप पेमेंट करता आलं असतं, इथे ती सोयच नाही. ज्या वेगाचं आपण कौतुक करतो तोच वेग चोराच्या कामी येतो.

म्हणून माझ्या मते सेफ आहे का हे कुलूप किती भारी यावरून ठरवू नये, चूक झाली तर पैसे परत येतात का यावरून ठरवावं. आणि तिथे आपण अजून खूप मागे आहोत, बँक, पोलीस, सगळेच. ते सुधारेपर्यंत रोज वापरा, जरूर वापरा, पण कॅश बंद करायला माझा ठाम विरोध आहे.

आणि 2016 चं तुम्ही आठवण करून दिलंत म्हणून. 8 नोव्हेंबरला नोटबंदी झाली, चलनातल्या किमतीने साधारण 86 टक्के नोटा एका रात्रीत बाद झाल्या, आणि त्याच महिन्यात मनोहर पर्रीकर तेव्हा संरक्षणमंत्री होते त्यांनी गोवा पहिलं कॅशलेस राज्य होईल असं सांगितलं. मासळी, भाजी घेताना *99# डायल करून पैसे द्यायचे अशी ती कल्पना होती. लोकांत गोंधळ उडाला आणि कॅशवर बंदी नाही असा खुलासा करावा लागला. आज बघा, क्यूआर कोड नुस्तेकारणीच्या, म्हणजे मासळी विकणाऱ्या बाईच्या पाटीपाशी पण आहे, पण ते सक्तीने झालेलं नाही, सोयीचं वाटलं म्हणून लोकांनी घेतलं.

तुम्ही एवढंच करा. पेन्शनचं खातं आणि एफडी ज्या बँकेत आहे तिथे युपीआय लावूच नका. दुसरं एक साधं सेव्हिंग खातं काढा, महिन्याला लागतील तेवढेच पैसे त्यात टाका आणि फक्त तेच मोबाईलला जोडा. हल्ली चोर मोबाईल बँकिंगमधून एफडी मोडतात, तुमच्या नावावर इन्स्टंट लोन सुद्धा काढतात आणि ते पण घेऊन जातात, म्हणून मोठ्या खात्याचं मोबाईल बँकिंग गरज नसेल तर शाखेत जाऊन बंद करून घ्या. मुलाला राग आला तर हे उत्तर दाखवा.

प्रश्न: आम्ही मडगावचे. आईला मेसेज आला की वीजबिल अपडेट नाही, आज रात्री लाईट कापणार, या नंबरवर फोन करा. तिने केला. त्याने व्हॉट्सअॅपवर एक फाईल पाठवली, ती उघडली आणि अर्ध्या तासात 1 लाख 80 हजार गेले, तीन वेळा करून. आईने कोणाला ओटीपी सांगितलेला नाही, ती शपथेवर सांगते. दुसऱ्याच दिवशी बँकेत गेलो तर तिथले साहेब म्हणाले ओटीपी टाकल्याशिवाय पैसे जात नाहीत, चूक तुमची, आम्ही काही करू शकत नाही. आई आता जेवत सुद्धा नाही. काही आशा आहे का?

उत्तर: आहे. आधी आईंना सांगा की त्या खोटं बोलत नाहीयेत हे आम्हाला माहीत आहे. ती फाईल म्हणजे एपीके, ती उघडली की फोनमध्ये एक अॅप बसतं आणि एसएमएस वाचायची परवानगी घेतं, मग येणारा प्रत्येक ओटीपी चोराकडे आपोआप जातो. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, बँकेची केवायसी, अशा कुठल्याही नावाने ती येते. ओटीपी सांगणं वेगळं आणि ओटीपी चोरीला जाणं वेगळं, आणि तुमच्या केसमध्ये सगळा फरक इथेच आहे, म्हणून तक्रारीत हे नीट, क्रमाने, वेळेसकट लिहा.

आता साहेबांनी जे तोंडी सांगितलं त्याबद्दल. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 ला एक परिपत्रक काढलं होतं, ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबद्दल, सहकारी बँकांसाठी तसंच डिसेंबर 2017 ला निघालं. त्यात लिहिलंय की बँकेची चूक असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणी केलं, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तरी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक रकमेपर्यंतच नुकसान तुमचं, साध्या सेव्हिंग खात्याला ती मर्यादा 10 हजार. त्यापुढे उशीर झाला तर प्रत्येक बँकेच्या आपल्या धोरणावर. दिवस मोजताना मेसेज आला तो दिवस आणि सुट्ट्या धरायच्या नाहीत. तुम्ही दुसऱ्याच दिवशी गेलात, म्हणजे मुदतीत आहात.

ग्राहकाने निष्काळजीपणा केला, म्हणजे पिन किंवा पासवर्ड स्वतःहून दिला, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. बँक हाच मुद्दा धरणार, फाईल तुम्हीच उघडलीत असं म्हणणार. पण ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकात बँकेवर टाकलेली आहे, आणि हे काउंटरवर कोणीही सांगत नाही, याचा मला फार राग येतो. वयस्कर बाई रडत समोर उभी असताना तिला चूक तुमची म्हणून परत पाठवायचं आणि तिच्या हातात लेखी एक ओळ सुद्धा द्यायची नाही.

म्हणून तोंडी बोलणं पुरे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तक्रार नंबर घ्या. तुम्ही दुसऱ्या दिवशी गेलात त्याचा काही पुरावा आहे का बघा, त्याच दिवशी कस्टमर केअरला फोन केला असेल तर कॉल लॉगचा फोटो काढून ठेवा. परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची असते आणि 90 दिवसांत निकाल लावायचा असतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, माहितीसाठी 14448 नंबर आहे.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केलात का ते तुम्ही लिहिलं नाही. नसेल केला तर आजच करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. तिथे तक्रार गेली की पैसे ज्या ज्या खात्यांत फिरले त्या बँकांना एकाच वेळी कळतं आणि जे शिल्लक असेल ते अडवलं जातं. पहिल्या एकदोन तासांत केलं तर खूप फरक पडतो, उशीर झाला की हाती कमी लागतं, पण तक्रार नंबर बँकेला दाखवायला लागतोच. बाकीच्या वाचकांनी हा नंबर आताच फोनमध्ये सेव्ह करा, वाचून झाल्यावर नको, आता.

आणि आईंचा फोन पूर्ण फॉरमॅट करून घ्या, ते अॅप आत बसलेलं असेपर्यंत नवीन पासवर्ड ठेवून काही उपयोग नाही.

प्रश्न: म्हापशाच्या बाजारात माझं मसाल्याचं आणि खाऱ्या मासळीचं दुकान आहे. शुक्रवारी गर्दी असते तेव्हा लोक फोन दाखवतात, पैसे गेले म्हणतात, हिरवं टिक पण असतं, संध्याकाळी बघितलं तर आलेलेच नाहीत. काय करू?

उत्तर: ताई, गिऱ्हाइकाच्या फोनवर काय दिसतं त्याकडे बघूच नका. तशी खोटी पावती दाखवणारी अॅप आहेत, हिरवं टिक, तुमच्या दुकानाचं नाव, आवाज सुद्धा येतो. तुमच्या स्वतःच्या फोनवर किंवा साउंडबॉक्सवर आलं तरच आलं. साउंडबॉक्सचं भाडं जातं महिन्याला हे खरं आहे, पण शुक्रवारच्या बाजारात प्रत्येक वेळी फोन काढून बघणं होत नाही, तेव्हा तो घ्याच. रात्री दुकान बंद करताना क्यूआरचं स्टिकर आत ठेवा, आणि सकाळी स्वतःच एक रुपया पाठवून नाव तुमचंच येतंय ना बघा, कारण वरून दुसरं स्टिकर चिकटवायचे प्रकार पण होतात. आणि पैसे घ्यायला पिन कधीच टाकायचा नसतो. कोणी म्हणालं रिफंड देतो, पिन टाका, तर ते तुमचेच पैसे काढायला बसलेत. माणसाने माणसाकडे युपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोय होती ना, ती याच फसवणुकीमुळे 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली, पण दुकानदारांच्या नावाने अशी रिक्वेस्ट अजून येऊ शकते.

प्रश्न: कळंगुटला आमचं छोटं गेस्ट हाऊस आहे, पाच खोल्या. डिसेंबरच्या सीझनमध्ये एका गिऱ्हाइकाने 6,500 रुपये युपीआयने दिले, राहिला, गेला. जानेवारीत माझं अख्खं खातं फ्रीझ. बँक म्हणते दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचा आदेश आहे, आमच्या हातात काही नाही. खात्यात साडेचार लाख आहेत, पोरांचा पगार त्यातून द्यायचा. मी काय गुन्हा केला?

उत्तर: काहीच नाही. आणि कॅशलेसच्या चर्चेत हा मुद्दा कोणी काढत नाही म्हणून तुमचं पत्र मुद्दाम घेतलं, बार्देसातून अशी आणखी पत्रं आलीत.

होतं असं की कुठे तरी कोणाची तरी फसवणूक होते, तो 1930 वर तक्रार करतो, पोलीस पैशांचा माग काढतात. एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून दहा. चोराने त्याच पैशांतून तुमच्याकडे खोलीचं भाडं दिलं की तुमचं खातं पण त्या साखळीत आलं. माग काढणाऱ्या सिस्टीमला चोर कोण आणि गेस्ट हाऊसवाला कोण हे समजत नाही. मी मघाशी मडगावच्या वाचकांना 1930 ला लगेच फोन करा म्हटलं, ते बरोबरच आहे, पण त्याच व्यवस्थेचं हे दुसरं टोक, आणि दोन्हीकडे त्रास होतो तो साध्या माणसाला. नोट घेतली असती तर तिचा मालक आधी कोण होता हे तुम्हाला कोणी विचारलं नसतं, मग गोव्यातल्या टुरिस्ट भागातले दुकानदार ऑनलाइन नको कॅश द्या म्हणतात तेव्हा ते टॅक्स चुकवायलाच म्हणतात असं धरून चालू नका.

आता काय करायचं. बँकेकडून लेखी घ्या: कुठल्या राज्याचं कुठलं पोलीस स्टेशन, तक्रारीचा नंबर काय, वादातली रक्कम किती. हे सांगायला बँक टाळाटाळ करते पण मागत राहा. मग बँकेला आणि त्या पोलीस स्टेशनला ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने लिहा, सोबत त्या गिऱ्हाइकाची बिलाची प्रत, रजिस्टरमधली एन्ट्री, त्याचं आयडी, टुरिझम खात्याचं तुमचं रजिस्ट्रेशन जोडा. मागणी स्पष्ट करा की 6,500 रुपये अडवून ठेवा, बाकीचं खातं मोकळं करा. केरळ हायकोर्टाने 2023 साली अशाच प्रकरणांत सांगितलंय की संशयातली जेवढी रक्कम तेवढीच अडवावी, सगळं खातं नव्हे. तो निकाल केरळचा असला तरी अर्जात लिहायला उपयोगी पडतो. एवढं करून नाही हललं तर मात्र वकील गाठा आणि कोर्टातून आदेश मागा, साडेचार लाखांसाठी ते करण्यासारखं आहे. पुढच्या सीझनला धंद्याचं खातं आणि घरचं खातं वेगळं, वेगळ्या बँकेत, आणि जमा झालेले पैसे धंद्याच्या खात्यात साठवत न बसता रोज संध्याकाळी दुसरीकडे हलवत जा.

प्रश्न: वाळपईच्या पुढे आमचा गाव, रेंज घरामागच्या चढावर गेलं तरच येते. बसवाला पण आता स्कॅन करा म्हणतो. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

उत्तर: इंटरनेट नसेल आणि नुसती साधी रेंज असेल तर *99# अजून चालतं, आणि साध्या बटणाच्या फोनसाठी युपीआय 123पे 2022 पासून आहे. छोट्या रकमांसाठी युपीआय लाईट, म्हणजे अॅपमधलं छोटं पाकीट बरं, एका वेळी 1,000 पर्यंत पिन न टाकता जातात आणि त्यात 5,000 पेक्षा जास्त ठेवताच येत नाहीत, म्हणजे फोन हरवला तरी नुकसान तेवढंच. पण टॉवरच नसेल तिथे यातलं काही कामाचं नाही आणि मग कंडक्टरने सुट्टे घ्यायलाच हवेत. नोट हे कायदेशीर चलन आहे. चवथीच्या माटोळी बाजारात (गणपतीच्या वर टांगायची रानफळं तिथे मिळतात) सत्तरी, केपेतून बायका रानातला माल डोक्यावर घेऊन येतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणींकडे स्मार्टफोन नाही, तिथे स्कॅनर नाही म्हणून पुढे जाणारी शिकलेली गिऱ्हाइकं मी बघितलीत. सुट्टे घेऊन जा हो बाजाराला, एवढं तर आपण करू शकतो.

प्रश्न: पणजीत शिकतो. मित्राला 2,000 पाठवले, माझे कट झाले, त्याला मिळाले नाहीत.

उत्तर: थांबा, परत पाठवू नका. दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, दुकानात दिलेले असतील तर पाच दिवस. नाही आले तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने द्यायची असते, रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करू नका, तिथे चोरांनी टाकलेले खोटे नंबर असतात, अॅपमधूनच तक्रार करा.

प्रश्न: वास्कोहून लिहितोय, इंजिनियर आहे. तुमच्या मागच्या अंकातल्या दोन ओळींवरून तुम्ही कॅशच्या बाजूचे वाटता. कॅश म्हणजे काळा पैसा. सगळं डिजिटल झालं की भ्रष्टाचार संपेल. थोडी फसवणूक होणारच, रस्त्यावर अपघात होतात म्हणून गाड्या बंद करत नाही आपण.

उत्तर: तुमचा मुद्दा खोटा नाही, हिशेब दिसतो तिथे लपवणं अवघड होतं, आणि छोट्या दुकानदाराला खात्यातल्या जमेवर कर्ज मिळायला लागलं हा तर मोठा फायदा. पण कॅश म्हणजेच काळा पैसा हे धरून नोटबंदी केली, आणि बाद झालेल्या नोटांपैकी 99.3 टक्के बँकांत परत आल्या, रिझर्व्ह बँकेच्याच अहवालात आहे. काळा पैसा नोटांत कमी आणि जमिनीत, सोन्यात जास्त असतो, गोव्यात जमिनीचे भाव बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आणि लोकांनी काय केलं? युपीआय घेतलं, आणि नोटाही सोडल्या नाहीत. 2016 ला चलनात 18 लाख कोटींच्या आसपास होते, आज 35 लाख कोटींच्या वर आहेत.

अपघाताचं उदाहरण तुम्ही दिलंत तर तेच पुढे न्या. गाडीला इन्शुरन्स सक्तीचा आहे, धडक बसलेल्याला भरपाई मिळते, त्यासाठी वेगळं ट्रिब्युनल आहे. पेमेंटमध्ये चालकाने चूक केली तर तू बघ आणि तुझं नशीब बघ. तसा इन्शुरन्स इथेही आणा, बँकांवर टाका, मग मी तुमच्या बाजूने लिहीन. पैसे बँकेच्या खिशातून जायला लागले की संशयास्पद व्यवहार थांबवायला त्यांना बरोबर सुचेल. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी खात्यात चार लाख पाठवले तर एक फोन करून विचारणं बँकेला अशक्य आहे का?

आणि फसवणूक बाजूला ठेवली तरी यंत्रणा बंद पडते. 2025 च्या 26 मार्चला आणि 12 एप्रिलला युपीआय देशभर अडकलं होतं. त्याच महिन्यात 28 एप्रिलला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली, कार्डं चालेनात, खिशात युरो होते त्यांनाच पाणी आणि ब्रेड मिळाला. स्वीडन तर कॅश जवळजवळ विसरलेला देश, त्यांच्या सरकारने 2024 मध्ये घरोघरी पुस्तिका वाटली की युद्ध किंवा संकट आलं तर घरात आठवडाभर पुरेल एवढी रोकड ठेवा. एवढं लांब कशाला, मे 2021 चं तौक्ते वादळ तुम्ही वास्कोला असाल तर विसरला नसाल. कोविड जोरात, झाडं तारांवर पडलेली, कितीतरी वाड्यांवर दिवसचे दिवस वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. त्या दिवसांत दूध, पाव आणि औषध नोटांवरच मिळालं.

प्रश्न: घरात मग किती ठेवायचे? आणि सासूबाईंना "मुंबई पोलीस" म्हणून व्हिडिओ कॉल आला होता, तीन तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं, शेजारीण आली म्हणून वाचल्या. (डिचोलीहून)

उत्तर: आठवड्याचं वाणसामान, औषध, एखाद्या वेळी रिक्षाने दवाखान्यात जाणं, एवढे भागतील इतके पुरे, पाचशेच्या नोटा कमी आणि शंभर-पन्नासच्या जास्त. त्याहून जास्त ठेवून चोराची भीती कशाला, आणि बँकेतले 5 लाखांपर्यंतचे तर विम्याखाली असतात, पतसंस्थेतल्या ठेवींना मात्र तो विमा नाही हे लक्षात ठेवा.

सासूबाईंची गोष्ट जास्त महत्त्वाची. डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यात नाही. कुठलाही पोलीस, सीबीआय, कस्टम, कोर्ट व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे कुठल्या खात्यात भरायला सांगत नाही, पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 मध्ये रेडिओवरून हे सांगितलं होतं तरी लोक अजून फसतायत, कारण समोरचा युनिफॉर्ममध्ये असतो, मागे पोलीस स्टेशनसारखा सेट असतो, आणि पहिलीच अट असते घरात कोणाला सांगायचं नाही. ही अट ऐकली की समजायचं. सासूबाईंशी निवांत बसून ठरवून घ्या की असा फोन आला तर तो कट करून आधी तुम्हाला हाक मारायची, तुम्ही नसाल तर शेजारणीला, आणि तुम्ही रागावणार नाही हे त्यांना आजच सांगून ठेवा. ज्या नंबरवरून फोन आला तो सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू नावाची सोय आहे तिथे कळवता येतो. आणि त्या शेजारणीला आमच्याकडून थँक्यू सांगा.